लांब पल्ल्याचे धावणे : बूट, सराव आणि दुखणी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर येणारा वक्ता सहसा ज्ञानेश्वरी, राज्यघटना किंवा शेतीचे अर्थकारण असा एखादा भारदस्त विषय घेऊन येतो. आम्ही आज आपल्यापुढे बूट घेऊन उभे आहो. हा विषय व्याख्यानाच्या योग्यतेचा आहे की नाही, अशी शंका आपल्यापैकी काही ज्येष्ठांच्या मनात आली असेल, तर ती गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही गावांत पहाटे पाचच्या सुमारास जो घराबाहेर पडतो, त्याला अलीकडे एक निराळे दृश्य दिसते. पूर्वी त्या वेळी रस्त्यावर दूधवाला, पेपरवाला आणि पहिल्या लोकलसाठी निघालेला चाकरमानी एवढीच मंडळी भेटत. आता धावणारे भेटतात. उल्हासनगरात गोल मैदानाभोवती, अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्याने, बदलापुरास बारवी धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर. त्यात पुरुष आहेत, स्त्रिया आहेत, साठी उलटलेलेही पुष्कळ आहेत. २००४ पासून मुंबईत मोठी मॅरेथॉन भरते. तिचे पदक कोणाच्या तरी घरात टांगलेले पाहून शेजारच्या घरातला मनुष्य धावू लागतो, आणि हा संसर्ग वाढतच आहे.

संसर्ग चांगला आहे. दुःखाची गोष्ट ही की, यंदा धावताना दिसलेल्या मंडळींपैकी बरीच जण पुढच्या पावसाळ्यापर्यंत दिसेनाशी होतात. चौकशी केली तर कोणाचा गुडघा धरलेला असतो, कोणाची टाच, कोणाची नडगी. आणि प्रत्येकाचे निदान तयार असते : ‘बूट चुकले.’ मग तो आधीच्यापेक्षा दुप्पट किमतीचे बूट घेतो, पुन्हा सुरुवात करतो, आणि दोन महिन्यांत पुन्हा जागेवर येतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा असता तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. आपल्यातले हजारो लोक ते रोज उभ्याने जातात आणि उभ्याने येतात. मध्ये पुलाचे जिने चढउतार करतात ते वेगळेच. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रापुढे आठ तास उभा राहणारा कामगार आहे, उल्हासनगरात दिवसभर दुकानात उभा राहणारा नोकर आहे. अशा माणसाचा पाय जायबंदी झाला तर त्याची धाव थांबते एवढेच नव्हे, त्याची मजुरीही अडचणीत येते. त्याच्या पायाला पगारी रजा नसते. म्हणून बूट, सराव आणि दुखणे या तिन्हींचा एकत्र विचार केला पाहिजे, आणि तो करताना अपराधी कोण हे नीट ओळखले पाहिजे.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने झाले. तेथे हिंदुस्थानातर्फे मॅरेथॉन धावले ते बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. म्हणजे आज रूढ असलेल्या ४२.१९५ किलोमीटरांपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. आपल्याकडचा नियमित धावणारा नोकरदार आज याच अंतराला चार-साडेचार तास घेतो. त्याने हा आकडा जरा शांतपणे मनात घोळवावा. चौगुल्यांसारखी माणसे युरोपात पोहोचली याचे श्रेय पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील स्पर्धांना आणि दोराबजी टाटांना जाते. शेतकऱ्यांची मुले तेथे अनवाणी, कसलेही शास्त्रोक्त शिक्षण नसताना धावत, आणि तरी त्यांची वेळ युरोपीय धावपटूंच्या जवळपास जाते, हे टाटांच्या ध्यानात आले होते.

अनवाणी धावणाऱ्यांची ही परंपरा येथेच संपत नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी धावणे हा खेळ निवडला, त्याचे एक कारण त्याला बूट लागत नाहीत हे होते; २०१० मध्ये त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर, पतीच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून, नऊवारी नेसून आणि अनवाणी पायांनी शर्यत जिंकली. त्यांच्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला.

या गोष्टी ऐकून काही उत्साही मंडळी एकदम दुसऱ्या टोकाला जातात आणि बूट फेकून देण्याच्या गोष्टी बोलू लागतात. आमचा त्याला विरोध आहे. अनवाणी धावणाऱ्या मुलीचा पाय वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून डोंगरउतारावर घडत आलेला असतो. दोन भारतीय डॉक्टरांनी २,३०० मुलांची पाहणी करून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळपायाचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी मुलांत शेकडा २.८ आढळले. म्हणजे पाय घडतो तो लहानपणी. तिशी-पस्तिशीपर्यंत खुर्चीत बसून, बुटात पाय कोंडून ठेवलेल्या माणसाने अचानक बदलापूर-कर्जत रस्त्यावर अनवाणी धावायला लागावे, हे शौर्य नव्हे.

इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचे उदाहरण या वादात दोन्ही पक्ष देतात. १९६० साली रोम येथे त्याला मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. १९६४ साली तोक्योस तो बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत जिंकला. तेही आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी. यातून बुटाच्या बाजूचा किंवा विरोधाचा निर्णय काढता येत नाही. न बसणारा बूट त्याने घातला नाही आणि बसणारा घातला, एवढाच त्यातला बोध आम्हास दिसतो, आणि बाजारात गेल्यावर तोच उपयोगी पडतो.

तेव्हा आता बाजारात जाऊ. आपल्याला फार लांब जायला नको. उल्हासनगर जवळ आहे. या गावच्या बाजाराविषयीचा जुना विनोद आपल्याला ठाऊक आहे : मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगतात. फाळणीनंतर सर्वस्व गमावून लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या माणसांनी हाताला येईल तो धंदा करून हे गाव उभे केले, त्यामुळे या विनोदात थोडे कौतुकही मिसळलेले आहे. परंतु पायाच्या बाबतीत नकली नावाच्या बुटाचा मोह टाळावा. त्यात दुसऱ्याच्या नावाची चोरी आहे हे तर झालेच. शिवाय वरचे रूप हुबेहूब वठले तरी आतला फेस कोणत्या जातीचा आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तो पहिल्या महिन्यात गादीसारखा आणि तिसऱ्या महिन्यात पुठ्ठ्यासारखा लागतो. त्यापेक्षा साध्या, खऱ्या नावाचा, कमी किमतीचा बूट शतपटीने बरा.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभर उभे राहून पाय किंचित फुगलेले असतात आणि लांब धावतानाही ते तसेच फुगतात. ज्या मोज्यांत धावायचे ते मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. ती नसेल तर उतारावर नखे काळी पडतात. टाच मात्र घट्ट बसावी. आणि रुंदी पाहावी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये एक लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली, तेव्हा आपली पावले युरोप-अमेरिकेच्या लोकांपेक्षा सामान्यतः रुंद असल्याचे दिसून आले. बाजारातले साचे बहुधा त्यांच्या पावलांचे. परिणामी आपला मनुष्य रुंदी मिळविण्यासाठी एक नंबर मोठा बूट घेतो, मग टाच आत खेळते आणि फोड येतात. रुंद साच्याचा बूट मागून घ्यावा. दुकानदार कुरकुरला तरी पुरते जोडे घालून पाहावेत, दुकानाबाहेर पन्नास पावले धावून पाहावे. बूट ‘पुढे सैल होईल’ असे जो सांगतो त्याचे ऐकू नये. धावण्याचा बूट पहिल्या पावलापासून सुखाचा वाटला पाहिजे.

सुखाचा वाटणे याला आम्ही एवढे महत्त्व का देतो? कारण शास्त्राने अद्याप त्याहून खात्रीची कसोटी दिलेली नाही. मोठ्या दुकानांतून तळपायाची कमान पाहून ‘तुमचा पाय आत झुकतो, तुम्हाला अमुक जातीचाच बूट हवा’ असे छातीठोकपणे सांगण्याची पद्धत आहे. अमेरिकन लष्करात नव्या भरतीच्या जवानांवर हा प्रयोग झाला. काहींना तळपायाचा आकार पाहून त्यास अनुरूप बूट दिले, इतरांना सरसकट एकाच प्रकारचे. दोन्ही गटांत दुखापती साधारण सारख्याच झाल्या. २०२२ साली कॉक्रन या संस्थेने तोवरच्या प्रयोगांची छाननी केली, तेव्हा एका प्रकारच्या बुटाने दुसऱ्यापेक्षा दुखापती कमी होतात असा भरवशाचा पुरावा हाती लागला नाही. जोडीजोडीने बूट वापरण्याबाबत मात्र एक अनुकूल पाहणी आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लक्झेंबर्गमधील पाहणीत २६४ धावणाऱ्यांपैकी जे आलटूनपालटून एकाहून अधिक जोड वापरीत, त्यांना दुखापतीचा धोका शेकडा ३९ ने कमी आढळला. आपल्या पावसाळ्याला तर हा उपाय आयताच आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक जोड वाळत असतो आणि दुसरा पायात असतो. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावे. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो आणि फेस आकसतो.

आता त्या महागड्या, जाड तळव्याच्या, आत कार्बनची पट्टी असलेल्या बुटांविषयी दोन शब्द. २०१७ पासून ते बाजारात आले, आणि त्यांनी श्रम काही टक्क्यांनी वाचतात हे प्रयोगांत दिसले आहे. २०१९ साली व्हिएन्नात एलिउड किपचोगे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत ते अंतर धावला तो असेच बूट घालून. पुढे २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपुरती आणि पट्टी एकापुरती मर्यादित करणारा नियम करावा लागला. हे बूट पायावरचा भार कमी करीत नाहीत, तर तो एका भागावरून दुसऱ्या भागावर हलवितात. पाच तासांत शर्यत पुरी करणाऱ्या माणसाने आपला निम्मा पगार त्यात घालावा असे आम्हास मुळीच वाटत नाही. ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावेत, पण रोजच्या सरावात वापरू नयेत.

बुटाचे एवढे पुराण ऐकवून आता आम्ही म्हणतो की, दुखापतीच्या खटल्यात बूट हा बहुधा साक्षीदार असतो, आरोपी नसतो. आरोपी असतो सराव वाढविण्याचा आपला उतावळेपणा. न्यूझीलंडचे विख्यात मार्गदर्शक आर्थर लिडियार्ड पोटासाठी बुटांच्या कारखान्यात काम करीत. त्यांचा शिष्य बॅरी मगी १९६० च्या त्याच रोममधील मॅरेथॉनमध्ये बिकिलाच्या मागे तिसरा आला. दुसरा शिष्य पीटर स्नेल याने तेथेच ८०० मीटरची शर्यत जिंकली. बुटांचे मर्म जाणणाऱ्या या गृहस्थाने शिष्यांकडून करवून घेतले ते काय? तर महिनोन्‌महिने, शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने, लांब धावणे. ८०० मीटर धावणारा स्नेलसुद्धा टेकड्यांतून तीस-पस्तीस किलोमीटर धावत असे.

यामागचे शरीरशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. मनुष्य धावू लागला की त्याचे हृदय आणि छाती काही आठवड्यांतच सुधारतात. दम लागत नाही, मन उल्हसित होते, आणखी धावावे असे वाटते. स्नायू थोडे मागून येतात. परंतु स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या शिरा आणि खुद्द हाड यांना महिने लागतात. हाडाची तऱ्हा तर अशी की, त्यावर नवा भार पडला म्हणजे शरीर प्रथम जुना भाग पोखरून काढते आणि मग तेथे नवा भरते, जसा गवंडी जुना गिलावा खरवडून मग नवा लावतो. या मधल्या आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते, आणि नेमक्या याच वेळी आपली छाती म्हणत असते, ‘चल, आज पंधरा करू!’ नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते ती अशा वेळी.

आठवड्याचे एकूण अंतर शेकडा दहापेक्षा अधिक वाढवू नये, असा एक नियम धावणाऱ्यांत तोंडातोंडी चालत आला आहे. त्याला फारसा आधार सापडला नव्हता. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली आणि तिने निराळेच बोट दाखविले. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी अधिक घातक! गेल्या तीस दिवसांत आपण एका वेळी जास्तीत जास्त जितके धावलो असू, त्याहून शेकडा दहापेक्षा अधिक अंतर एकाच दिवशी धावले की धोका चढतो, आणि दुपटीहून अधिक धावले तर तोही दुपटीच्या वर जातो. आपल्याकडची रीत नेमकी हीच नाही काय? महिनाभर पाच-पाच, सहा-सहा किलोमीटर धावायचे, आणि एका रविवारी मित्रमंडळी निघाली म्हणून त्यांच्याबरोबर बारवी धरणापर्यंत जाऊन यायचे.

हिशेब करून पाहू. आज जो सुखाने दहा किलोमीटर धावतो, त्याने दर आठवड्याला लांब धाव शेकडा दहाने वाढविली तर ११, १२, १३, साडेचौदा, १६, साडेसतरा, साडेएकोणीस असे करीत आठव्या आठवड्यात तो एकवीसला पोहोचतो. दर चौथा आठवडा हलका ठेवला तर दहा-अकरा आठवडे. एवढेच तर थांबायचे आहे. जानेवारीच्या शर्यतीसाठी गणपतीत सुरुवात केली तरी अर्ध्या मॅरेथॉनला वेळ पुरतो. पूर्ण मॅरेथॉनचे तसे नाही. तिला आधी वर्षभर नियमित धावणे हवे, आणि पहिल्याच वर्षी पूर्ण मॅरेथॉनला नाव घालणाऱ्यास आम्ही नेहमी एक वर्ष मागे ओढतो. त्यामुळे आमच्यावर पुष्कळांचा रोष आहे.

आठवड्यातून चार दिवस धावणे नोकरदाराला पुरे. त्यातला एक दिवस लांब, एक दिवस थोडा वेगाचा किंवा चढणीचा, बाकीचे दोन गप्पा मारता येतील असे. ज्या दिवशी लोकल अर्धा तास उशिरा आली आणि घाटकोपरपर्यंत एका पायावर उभे राहावे लागले, त्या दिवसाचे उभे राहणे हाही पायाचा सरावच धरावा आणि दुसऱ्या दिवशीचा वेगाचा भाग गाळावा. छापील कोष्टके ज्यांनी तयार केली त्यांनी आपली लोकल पाहिलेली नसते. झोप तुटलेली असली तरी हाच नियम. पहाटे चारला उठून धावायचे आणि रात्री बाराला निजायचे, हा क्रम फार दिवस टिकत नाही.

रस्त्याचाही विचार असावा. काँक्रीटला अनेक जण घाबरतात. चांगला बूट असेल तर काँक्रीट आणि डांबर यांत पायाला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो रस्त्याच्या उताराने. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो, आणि रहदारीच्या सुरक्षिततेसाठी समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूनेच धावणे योग्य. मग एक पाय नेहमी उंचावर आणि एक खाली. म्हणून आठवड्यातून दोन दिवस तरी मैदानावर धावावे आणि फेऱ्यांची दिशा पालटावी. कारखान्यांच्या वस्तीत ज्या पहाटे हवेला रसायनांचा वास असेल त्या पहाटे घरी राहावे, किंवा उल्हास नदीच्या बाजूला जावे.

आता दुखण्याविषयी. प्रत्येक दुखणे हे ‘थांब’ अशी आज्ञा नसते, आणि प्रत्येक दुखणे अंगावर काढण्याजोगेही नसते. डॉक्टर आणि व्यायामोपचारतज्ज्ञ एक सोपी रीत वापरतात : वेदनेला शून्य ते दहा गुण द्यावेत. स्नायू-शिरांच्या जुनाट दुखण्यात धावताना वेदना पाचच्या आत राहत असेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर येत असेल आणि आठवड्यागणिक वाढत नसेल, तर धावणे कमी करून चालू ठेवता येते. लंगडत मात्र धावू नये. चाल बदलली की एका जागेचे दुखणे दुसऱ्या जागी बस्तान मांडते.

हाडाच्या बाबतीत ही सवलत नाही. नडगीची आतली कड वीतभर हुळहुळत असेल तर ते बहुधा अतिश्रमाचे दुखणे; अंतर कमी केले की शमते. पण एकाच बोटाने दाखविता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी बंद करून अस्थितज्ज्ञाकडे जावे. सुरुवातीच्या साध्या क्ष-किरण चित्रात चीर दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ‘फोटो चांगला आला’ म्हणून दुसऱ्या दिवशी धावायला लागलेली माणसे पुढे महिनोन्‌महिने घरी बसली आहेत.

सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या पावलाला टाचेखाली खिळा टोचल्यासारखे होते, हे दुखणे तर आपल्याकडे घरोघरी आहे. धावणाऱ्यांना होते, दिवसभर ओट्यापाशी उभे राहणाऱ्या गृहिणींनाही होते. त्याला आणि टाचेमागच्या जाड शिरेच्या दुखण्याला एकच औषध मोठ्या प्रमाणात लागू पडते : पोटरी बळकट करणे. स्वीडनचे शल्यचिकित्सक हॉकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली शिरेच्या जुनाट दुखण्याने बेजार झालेल्या १५ धावणाऱ्यांवर प्रयोग केला. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभे राहायचे आणि टाच सावकाश पायरीखाली सोडायची. १५ च्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून, तीन फेऱ्या किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दिवसाला १८० होतात. पंधराही जण पुन्हा धावू लागले. असे सांगतात की, आल्फ्रेडसन यांची स्वतःचीच शीर दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रिया करीनात, तेव्हा ती मुद्दाम बिघडवावी म्हणून त्यांनी हा व्यायाम जोराने सुरू केला, आणि ती बरी झाली! एवढ्या फेऱ्या सर्वांना लागतात असे नाही, कमी फेऱ्यांनीही गुण येतो, हे पुढे दिसले. या व्यायामाला घरचा जिना पुरतो, खर्च काहीच नाही. बहुधा त्यामुळेच तो फारसा कोणी करीत नाही. टाचेखालच्या दुखण्यात हाच व्यायाम बोटांखाली टॉवेलची घडी ठेवून, टाच वर उचलून, एक दिवसाआड करतात. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणाऱ्यांनी मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करावेत आणि काही दिवस उतार टाळावेत.

भगिनींसाठी एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ती संकोचाने बोलली जात नाही. धावणे वाढले आणि मासिक पाळी अनियमित झाली किंवा बंद पडली, तर ते तब्येत ‘कसल्याचे’ लक्षण नव्हे. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडते आहे आणि हाडे झिजू लागली आहेत, याची ती सूचना असते. घरातल्या सर्वांचे ताट वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईने लांब पल्ल्याचे धावणे करू नये; आधी ताट बदलावे. उपासाच्या दिवशी लांब धाव ठेवू नये, हे पुरुषांनाही सांगणे आहे.

दुखण्याच्या गोळ्या घेऊन शर्यतीला उभे राहण्याची चाल अलीकडे फार बोकाळली आहे. वेदना हा पायाचा तार आहे. तो कापला म्हणजे संकट टळत नाही, फक्त बातमी येत नाही. शिवाय घामाने शरीर आटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

शेवटी, आम्हाला सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न : ‘नाव नोंदविले आहे, पैसे भरले आहेत, टी-शर्टही घरी येऊन पडला आहे, पाय दुखतो. धावू का?’ बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचे उदाहरण आम्ही अशा वेळी सांगतो. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीने त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. पुढे त्याच सप्टेंबरात भुवनेश्वर येथे त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षे जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्यावर पडून त्यांच्या गुडघ्याचा बंध फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्यांना सोडावी लागली. ज्यांचा चरितार्थ धावण्यावर आहे अशी माणसे स्पर्धा सोडतात. मग आपण आठशे-हजार लोकांच्या मागे येणाऱ्यांनी टी-शर्टासाठी हट्ट धरण्याचे कारण काय?

तेव्हा शर्यतीपूर्वी दोन आठवडे स्वतःची परीक्षा घ्यावी. बारा किलोमीटर चाल न बदलता, वेदना पाचच्या आत ठेवून धावता आले आणि दुसऱ्या सकाळी जिना नेहमीसारखा उतरता आला, तर उभे राहावे. हाडाचे दुखणे असेल तर परीक्षासुद्धा देऊ नये. आणि उभे राहिलात तरी शर्यतीच्या दिवशी खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे ठेवा. पाय बिघडलाच, तर माहीम-शिवाजी पार्कच्या बाजूला असताना मार्ग सोडून दादर स्टेशन गाठता येते, आणि तेथून रविवारी सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये बसायला जागा मिळते.